न आलेलं बोलावणं

रविवार, ११ सप्टेंबर १९८८

आज चर्चमध्ये रडले. नुसते डोळे पाणावले असते तर लिहिलं नसतं. चांगले हुंदके देऊन रडले. टोपी कपाळावर आली, नाक वाहायला लागलं, आणि रुमाल होता कोटाच्या खिशात, कोट बाहेर खुंटीला. चारशे माणसांसमोर.

कारण इथे लिहून टाकते, कारण आता गावात दुसरीच कारणं फिरणार आहेत. आमच्याकडे प्रवचनाचे तीन भाग असतात. नवा भाग सुरू झाला की सगळ्या बाकांवरून कागदाची चुरचुर ऐकू येते. तेव्हा पेपरमिंट तोंडात टाकायचं. रिनुस माझ्याकडे न बघता हात सरकवायचा आणि माझ्या तळहातावर पेपरमिंट ठेवायचा. आमच्या लग्नाची सगळी वर्षं. मार्चमध्ये तो गेला, तेव्हापासून मी स्वतःचं पाकीट नेते आणि निभतं. आज पाकीट ओट्यावर राहिलं. दुसरा भाग सुरू झाला, चुरचुर झाली, आणि माझा हात आपोआप मांडीवर उताणा पडला. त्या रिकाम्या हाताकडे बघितलं आणि बांध फुटला.

पाळकसाहेब नेमके त्याच वेळी पापाच्या जाणिवेबद्दल बोलत होते. माझं नशीब.

बाहेर पडताना कोणी एक शब्द बोललं नाही. पण सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. नवऱ्याच्या मयतीला मला अशी वाट मिळाली नव्हती.


मंगळवार, १३ सप्टेंबर

कालपासून पायरीवर दोन पातेली रस्सा आणि एक ताटभर दालचिनीचे बोलुस, म्हणजे गोड चिकट पाव, आलेत. झाकणावर दगड ठेवून माणसं पळून जातात. पाववाल्याची बायको मला "कशा आहात?" असं इतक्या हळू विचारते, जणू माझ्या आत कोणीतरी झोपलंय.

दुपारी वन्सं आल्या. रिनुसची मोठी बहीण, याकोमीन. सत्तरी उलटली तरी सायकलवर. कोट न काढताच बसल्या.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"लिओनी, सगळ्या गावानं बघितलं."

"वन्सं, मी पेपरमिंट विसरले होते."

गाभण गाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देवाला कुठूनही सुरुवात करता येते. यान मूरलांटला बोलावणं आलं ते त्याची घोडी मेली तेव्हा."

"माझा नवरा मेलाय. घोडीपेक्षा जरा तरी मोठं असेल ना ते?"

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या आणि एक बोलुस उचलला. "नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन आहे."

वन्सं मेजाला जातात, प्रभूची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला. चारशेंतली वीसएक माणसं जातात. त्यांना आम्ही देवाची माणसं म्हणतो. बाकीचे बाकावर बसून बघतात आणि आतून बोलावणं यायची वाट बघतात. कुणी जन्मभर बघतात. न बोलावता जाऊन बसणं म्हणजे चोरून खाणं, असं इथे लेकराबाळांनाही माहीत असतं.

रिनुसनं जन्मभर वाट बघितली. दर प्रभुभोजनाला तो आपल्या हातांकडे बघत बसायचा. मरायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "काही आलं नाही, लिओनी." कांद्याचं बी उगवलं नाही हे सांगायचा ना, अगदी तशाच आवाजात. मयतीच्या वेळी त्याच्याबद्दल एक वाक्य कोणी बोललं नाही. तशी इथली रीतच आहे. बोलावणं आल्याची खूण दिसली नाही तर गेलेल्याबद्दल गप्प राहायचं आणि जिवंतांना सावध करायचं. मी पहिल्या बाकावर बसून ती शांतता ऐकली.

म्हणून आजच लिहून ठेवते. मी मेजाला जाणार नाही. जिथे त्याला खुर्ची नव्हती तिथे मला नको. देवानं स्वतः येऊन हात धरला तरी नको.


शनिवार, १७ सप्टेंबर

फीन आली होती. माझी धाकटी बहीण, पुलापलीकडे बेर्गेनला राहते. तिच्याबरोबर सिगरेटचा वास आणि हसणं घरात आलं. बरं वाटलं.

"ताई, ऐकलं ते खरं का? तू म्हणे ढसाढसा रडलीस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मासळीवाल्यानं. हे बघ, रडायचं होतं तर आमच्याकडे यायचंस. आमच्याकडे निदान मेणबत्त्या तरी असतात."

"तू शेवटची मेणबत्ती कधी लावलीस?"

"कार्निव्हलला. लाइट गेले होते." मग जरा गंभीर झाली. "लग्नासाठी कॅथलिक सोडून तू बाटलीस तेव्हा आई वर्षभर जेवायला बसली की तुझ्या जागेकडे पाठ करायची. आणि इतकं करून तिकडच्यांनाही तू पुरती बाटलेली वाटत नाहीस! मधल्या मधे पुलावर उभी."

"पुलावरून दोन्हीकडचं दिसतं."

"वाराही दोन्हीकडचा लागतो."

मग ती म्हणाली, तुमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, धूप नाही, आणि एवढं सगळं करून जेवायचं असतं तेव्हा जेवत नाही, मग जाता कशाला? यावर मी भांडले. तुमच्याकडे रांगेत उभं राहून तोंड उघडलं की झालं, म्हटलं. इथे माणूस तीस वर्षं भुकेला बसतो, कारण त्याला ती भाकर खरी वाटते. माझा आवाज चढला होता. फीननं सिगरेट विझवली.

"तू तर त्यांची वकील झालीस की."

मी त्यांची वकील नाही. रिनुसची आहे. फीनला फरक कळत नाही.


गुरुवार, ६ ऑक्टोबर

आज चर्चच्या पंचमंडळातले दोघे, ज्यांना आम्ही वडील म्हणतो, घरभेटीला आले. वर्षातून एकदा येतात. काळे सूट, टोप्या गुडघ्यांवर. क्विस्ट वडील बोलणारे, आणि हाखे खाटीक न बोलणारे. मी कॉफी ओतली.

"तर लिओनीबाई," क्विस्ट म्हणाले, "तुमचं आणि देवाचं कसं काय आहे?"

"बोलणं बंद आहे."

हाखेंचा कप बशीवर वाजला.

"कोणी बंद केलं?"

"त्यानं आधी."

मला वाटलं उठून जातील. तर क्विस्टांचा चेहरा उजळला. "हे चांगलं लक्षण आहे."

"म्हणजे माझी सुटकाच नाही? रडले तरी लक्षण, भांडले तरी लक्षण?"

"न रडता, न भांडता बसलेल्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते."

"म्हणजे रिनुसची."

क्विस्ट कॉफी ढवळायला लागले.

"तो रडला नाही आणि भांडलाही नाही. वाट बघत बसला. कारण तुम्ही याच खुर्चीवर बसून दर वर्षी त्याला सांगितलंत, वाट बघ. त्यानं ऐकलं. तुमचं इतकं ऐकणारा दुसरा माणूस दाखवा मला या गावात."

"गेलेल्यांविषयी आम्ही बोलत नसतो, बाई."

"मग मीही तुमच्याशी बोलत नसते." मी क्विस्टांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्याच गुडघ्यावर होती, म्हणजे उगाच वाकावं लागलं, पण दिली.

क्विस्ट फाटकापर्यंत पोचले तरी हाखे दारातच घुटमळत होते. "रिनुस डुक्कर घेऊन यायचा ना माझ्याकडे," ते म्हणाले, "तेव्हा माझी तयारी होईपर्यंत त्याच्या कानामागे खाजवत उभा राहायचा. दुसरं कोणी उभं राहत नाही." एवढं बोलून गेले.

संध्याकाळपर्यंत मी ते एक वाक्य घरभर घेऊन फिरले. मयतीला कोणी न म्हटलेलं वाक्य.


बुधवार, १९ ऑक्टोबर

वारा सुटलाय. चादरी वाळत घालताना एक तोंडावर आली आणि मी चिडून म्हणाले, "ऐक, मी तुझ्याशी बोलत नाहीये." मग लक्षात आलं की चादरीला म्हणाले नव्हते. रिनुसलाही नाही.

ही प्रार्थना नव्हती. बजावणं होतं. बजावून ठेवलेलं बरं असतं.

मग बजावतच राहिले, दोन दोऱ्या भरेपर्यंत. तू त्याला तीस वर्षं बसवून ठेवलंस. तुला वेळ नव्हता का? घोडी मेलेल्याकडे जायला होता. उशांच्या खोळी राहिल्या तोवर घसा बसला होता. इतकं मनमोकळं मी कुणाशी बोलले नव्हते मार्चपासून.


बुधवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. पुलापलीकडे असतो, इकडे नसतो.

सिस्टरांच्या वसतिशाळेत हा दिवस मला फार आवडायचा. सिस्टर गोडलिव्हनं शिकवलं होतं की आज चर्चमध्ये जाऊन ठरलेल्या प्रार्थना म्हणून बाहेर यायचं, की शुद्धिस्थानातला, म्हणजे स्वर्गाआधी पापं फेडत अडकलेला, एक आत्मा सुटतो. पुन्हा आत गेलं, प्रार्थना म्हटल्या, की दुसरा. आम्ही मुली घाईघाईनं पुटपुटायचो, बाहेर पडायचो, वळायचो, पुन्हा आत. एका दारानं शंभर लोकरी मोजे आत-बाहेर. मी आजोबांना सोडवलं, शेजारच्या बुडालेल्या नावाड्याला सोडवलं, आणि कोळसेवाल्याच्या घोड्यालाही, कारण कोणी नाही म्हटलं नव्हतं. बाहेर धुकं असायचं, आणि सिस्टरच्या हातात आमच्यासाठी गरम दूध. स्वर्ग तेव्हा इतका जवळ होता की पळत जाता यायचं.

बाटताना मी हे सगळं खोटं म्हणून कबूल केलंय. सही करून.

दुपारी कब्रस्तानात गेले. आमच्याकडे कबरीवर फुलं नाहीत, नुसता दगड आणि नाव. दगडाजवळ जाऊन सिस्टरच्या प्रार्थना म्हटल्या. सगळ्या आठवल्या. फाटकातून बाहेर आले. कोणी नव्हतं. वळले, आत गेले, म्हटल्या, बाहेर आले. पुन्हा. माझं वय अठ्ठावन्न आहे आणि गुडघे दुखतात. एकाच माणसासाठी एकदा पुरतं, सिस्टर म्हणायची, पण रिनुस जड होता.

"काही हरवलंय का?"

वन्सं. सायकल हातात.

"नवरा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. त्यांच्या पिढीच्या प्रोटेस्टंटांना पोपची माणसं काय काय करतात ते पाठ असतं. मी वाट बघत उभी राहिले. म्हटलं, आता होऊन जाऊ दे.

"हे पाप आहे," त्या म्हणाल्या.

"माहितीय."

"याचा काही उपयोग होत नाही."

"तेही माहितीय."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "मी मेजाला बसते तेव्हा तोंड बाकांकडे असतं. इतकी वर्षं मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही, लिओनी. माझा धाकटा भाऊ. बघितलं असतं तर घास उतरला नसता."

वारा आला आणि फाटक धाडकन आपटलं. वन्संनी ते पकडलं आणि उघडं धरून ठेवलं.

"काय करताय?"

"मी यात नाही," त्या म्हणाल्या. "आपटतंय म्हणून धरलंय."

मी आणखी चार वेळा गेले. त्या धरून उभ्या होत्या.


सोमवार, २१ नोव्हेंबर

काल प्रभुभोजनाच्या तयारीचं प्रवचन झालं. स्वतःला तपासा. मी सगळा वेळ पाळकसाहेबांच्या बुटांकडे बघत होते आणि आज सकाळी उठून सरळ त्यांच्या घरी गेले. पाळकसाहेब तरुण आहेत, जंगलाकडच्या भागातले, अजून आमची बोली कळत नाही. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, कडेवर बाळ.

बसायच्या आधीच मी विचारलं, "माझा नवरा कुठे आहे?"

त्यांनी शास्त्रातलं सांगायला सुरुवात केली. देवानं तारायला निवडलेले, न निवडलेले, दडलेल्या गोष्टी देवाच्या. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "हे सगळं मी लग्नाआधी पाठ केलंय, पाळकसाहेब. मी विचारतेय, रिनुस कुठे आहे?"

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते कॉलेजातल्या मुलासारखे दिसतात. "मला माहीत नाही."

"मयतीत एवढंच म्हणाला असतात तरी चाललं असतं."

ते लाल झाले. "हो," म्हणाले.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. हो म्हटल्यावर माझं निम्मं भांडण तिथेच संपलं, आणि मला ते आवडलं नाही.

"मेजाला यायचं म्हणजे त्याला बाकावर सोडून यायचं," मी म्हटलं. "ते मी करणार नाही."

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही सगळे गप्प राहिलात, त्यातून ऐकू आलं."

आतल्या खोलीत बाळ रडत होतं. ते उठले नाहीत. "यावं असं वाटतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "रिनुस बाजूला ठेवून सांगा."

"रिनुस बाजूला ठेवता येत नाही."

"मग त्याच्यासकट सांगा."

मी उठले. छत्री घेतली आणि निघाले. वाटेत धरणावर उभी राहिले. ओहोटी होती, सगळा चिखल उघडा पडला होता, पक्षी त्यात काहीतरी शोधत होते. यावं असं वाटतं का. हा काय प्रश्न झाला? भुकेल्याला कोणी असं विचारतं का?

वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे. चुकून लिहिलं गेलंय.


शनिवार, २६ नोव्हेंबर

उद्या जाणार नाही. ठरलं आहे, आणि ठरल्यामुळे मन अगदी शांत आहे.

काळ्या पोशाखाला इस्त्री केली. टोपीची जाळी दुरुस्त केली. मेजाला जाणाऱ्या बायका हातमोजे घालत नाहीत, भाकर हातात घ्यायची असते म्हणून. माझे हातमोजे मी खणात ठेवून दिले. थंडी फार नाहीये.

फीनचा फोन. "काय करतेयस?" "काही नाही." "आवाज का असा?" "कसा?" "लग्नाच्या आदल्या दिवशी होता तसा."

फोन ठेवून दिला.


रविवार, २७ नोव्हेंबर

चर्चच्या पुढच्या भागात लांब मेज मांडलं होतं, जमिनीपर्यंत पांढरं कापड. पाळकसाहेबांनी आधी नेहमीप्रमाणे, कोणी येऊ नये ते वाचून दाखवलं. मूर्तिपूजक, मेलेल्या संतांचा धावा करणारे, शपथ मोडणारे, भांडखोर. मी बसल्या बसल्या एकेक आपल्या नावावर घेत होते. चष्मा हरवला की मी अजून संत आंतोनीला हाक मारते. मृतांच्या दिवशीचं तर वन्संनाच ठाऊक. भांडखोर म्हणाल तर सगळं गाव साक्ष देईल. माझ्याइतकी पुरेपूर नालायक बाई त्या चर्चमध्ये नव्हती. मला हसू यायला लागलं. गंभीर ठिकाणी मला येतं, सिस्टर गोडलिव्हनं त्याबद्दल पट्ट्या मारल्यात.

मग म्हणाले, या. स्तोत्र सुरू झालं आणि देवाची माणसं उठली. क्विस्ट, मूरलांट, वन्सं. तीच वीस. बाकी सगळ्यांच्या माना खाली.

मी माझ्या बाकावर, रिनुसची जागा डावीकडे. बोलावणं वगैरे काही आलं नाही. हे लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. वचन कानात घुमलं नाही, प्रकाश दिसला नाही, आतून कोणी हाक मारली नाही. जे त्याला आलं नाही ते मलाही आलं नाही. आणि मी विचार केला, छान. मग आम्ही दोघं बरोबरीचेच. न बोलावता जाणारं कोणीतरी एकदा जाऊन विचारायला पाहिजे देवाला, समोर बसून, त्याच्याच मेजावर. इथून बाकावरून किती दिवस ओरडायचं?

मी उठले. माझ्या गुडघ्यांचा आवाज झाला. मागे कोणीतरी दचकून श्वास घेतला. मी शरण जात नव्हते. मी जाब विचारायला जात होते, आणि रिनुसला सोडून नव्हते जात, त्याच्यासकट जात होते.

मेजाच्या टोकाला खुर्ची होती. बसले. वन्संनी मान वर केली. मी पहिल्यांदाच त्यांचं तोंड त्या बाजूनं बघत होते.

ताटली फिरत आली. पांढऱ्या पावाचे चौकोनी तुकडे, आमच्या पाववाल्याचे, कवच काढून. लहानपणी सिस्टरांनी बजावलं होतं, दात लागू द्यायचा नाही, प्रभूला दुखतं, जिभेवर विरघळू द्यायचं. मी तुकडा तोंडात घातला आणि थांबले. पाव काही विरघळत नाही. म्हटलं, ठीक आहे, दुखू दे जरा. आणि चावला. सगळ्या दातांनी चावला.

मग मी विचारलं. काय विचारलं ते इथे लिहीत नाही.

पेला आला, गेला. पाळकसाहेब काहीतरी बोलले, मग स्तोत्राचा आकडा सांगितला आणि मेजावरची माणसं उठून जागेवर जायला लागली. खुर्च्या सरकल्या. मी बसून राहिले. विचारून झालं की उत्तराला थांबतात, एवढी रीत तर सगळीकडे असते. मेज रिकामं झालं. एका टोकाला मी, बाकी सगळं पांढरं.

क्विस्ट वडील वाकले. "लिओनीबाई, झालं."

"तुमचं झालं असेल," मी म्हणाले.

त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ऑर्गनकडे मान हलवली. पुढचं कडवं घ्या.

आमच्याकडे स्तोत्रं इतकी सावकाश म्हणतात की एका स्वरात माणसाचा श्वास संपतो आणि नवा घ्यावा लागतो. ते कडवं संपलं. मी बसलेली होते. पाळकसाहेबांनी बोटानं खूण केली आणि आणखी एक सुरू झालं, मग आणखी एक. चारशे माणसं होती. हाखेंचा जाडा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. मला वाटत होतं कोणीतरी खोकेल, कोणीतरी घड्याळ बघेल, रविवारचे बटाटे चुलीवर आहेत म्हणून कोणीतरी चुळबुळ करेल.

मी उठेपर्यंत ते गात राहिले.